जामसांवलीची शपथ

सौंसर,
२८ एप्रिल १९८६

चि. वच्छलास भिवाजीदादाचे अनेक आशीर्वाद.

प्रमिला मोहगावला पोचल्याचे कार्ड अजून कोणाचेच आले नाही, म्हणून हे लिहून राहिलो. तुला काही कळले असेल तर लगेच कळव. हेमंत जावयाला दोन ओळी टाकायला काय होते, पण आजकालच्या पोरांना म्हाताऱ्यांच्या जिवाची घालमेल कळत नाही.

तुझा ताप उतरला म्हणून ती पांढुर्ण्याहून दुपारच्या मोटारीने निघाली. पण त्या दिवशी हनुमान जयंती. सगळ्या मोटारी जामसांवलीच्या यात्रेला लावलेल्या, मोहगावची एकही गाडी लागली नाही. पोर येथे सौंसरच्या स्टँडवर ताटकळत बसली होती. तेथे तिला आपल्या पांढुर्ण्याचा सुरेश भेटला, शाळेत तिच्या वर्गात होता तो. आता बोरगावला मास्तर आहे. तो तिची पिशवी घेऊन माझ्या फाटकापर्यंत आला. मी म्हटले, मास्तर, चहा पिऊन जा. "नको मामाजी, माझी गाडी जाईल," म्हणाला आणि आल्या पावली गेला. तेव्हा दिवस मावळला नव्हता.

प्रमिलाने स्वयंपाक केला. माझे रिकामे डबे पाहून म्हणाली, "मामा, तुमी जेवता का नुसती प्रार्थनाच करता?" ती आत झोपली, मी ओसरीवर बाज टाकली. सकाळच्या पहिल्या गाडीत मीच तिला बसवून दिले. कंडक्टरला सांगितले, भाची आहे माझी, नीट उतरव. तो म्हणाला, "बाबा, ते काय कोंबडी हाये, वाटेत उडून जाईल?" लोक हसले. मला हसू आले नाही. मला उगाच वाटत राहिले की तिला ठेवून घेतले हे बरे केले नाही, बैलगाडी पाहून तेव्हाच पोचवून द्यायला हवे होते. असे मला सगळ्याच गोष्टींत वाटते, म्हणून मनावर घेऊ नको. पण कार्ड टाक.

तुझा भाऊ,
भिवाजी


पांढुर्णा,
५ मे १९८६

ती. दादास वच्छलाचा नमस्कार.

कार्ड काय मागतोस. प्रमिला पोचली आणि परतही आली. काल हेमंतने तिला आणून सोडले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सोडले, घरात पाय टाकला नाही, पाणी घेतले नाही. लहानग्याला सासूने ठेवून घेतले. दोन वर्षांचे लेकरू, दादा. ती दोन दिवसांसाठी माझे दुखणे पाहायला आली म्हणून त्याला तिकडे ठेवून आली होती, तर आता तोंडही पाहू देत नाहीत.

तिच्या सासूच्या, कलाबाईच्या माहेरचा कोणी गुलाब आहे. त्याने तिला सुरेशबरोबर सौंसरच्या रस्त्याने जाताना पाहिले आणि मोहगावात जाऊन सांगितले. आता सासू म्हणते की पोरगी मामाकडे गेलीच नाही, रात्रभर कुठे होती देव जाणे. तुझे शेजारी सांगतील म्हटले तर म्हणतात, ते सगळे मिशनचे लोक, एकमेकांचेच बोलणार.

पण एक वाट ठेवली आहे. कलाबाईनेच सांगितले आहे की मामाने जामसांवलीला मारुतीच्या पायावर हात ठेवून म्हणावे, त्या रात्री भाची माझ्या घरात होती. धर्म बदलला तरी रक्त आपलेच आहे, मारुतीसमोर खोटे बोलायची छाती होणार नाही, असे ती म्हणते. एवढे झाले की हेमंत येऊन घेऊन जाईल.

खरे तेच तर म्हणायचे आहे. कधी जातोस ते परतीच्या टपालाने लिही.

वच्छला


सौंसर,
११ मे १९८६

चि. वच्छलास आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून रात्री डोळा लागला नाही. सकाळीच मोहगावला गेलो. प्रमिलेच्या सासऱ्यांच्या, केशवरावांच्या ओट्यावर बसलो. त्यांचे भाऊ भैय्याजी होते, तो गुलाब होता, दाराआड कलाबाई. हेमंत मळ्यात गेला म्हणाले. मला वाटते तो आतच होता.

मी सरळ सांगितले. दिवस मावळायच्या आधी पोर माझ्या घरी आली, सकाळी मी तिला गाडीत बसवले, सुरेश फाटकातूनच परत गेला. कलाबाई आतून म्हणाल्या, "तोंडानं तर कोनीबी बोलते, मामाजी. मारुतीसमोर बोला." मी म्हटले, मी शपथ घेत नसतो. जे आहे ते सांगून राहिलो, यापेक्षा जास्त खरे करून सांगता येत नाही. गुलाब हसला. भैय्याजी म्हणाले, "मंग आलेच कायले?"

केशवराव सुपारी कातरत बसले होते. तोंडातून एक शब्द काढला नाही. त्यांच्या मनात तहसिलीतली ती जुनी साक्ष आहे, मला ठाऊक आहे. शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणात मी त्यांच्याविरुद्ध बोललो होतो. तेव्हाही मी शपथ घेतली नव्हती, नुसते खरे सांगतो म्हटले होते, आणि त्यांची नांगराची दोन तासे जमीन गेली. तो माणूस आता माझ्या भाचीवर ते वसूल करून राहिला.

वच्छला, मी चौथीच शिकलो. मिशनच्या दवाखान्यात जन्मभर झाडांना पाणी घातले. शास्त्राच्या मोठ्या गोष्टी मला कळत नाहीत, म्हणून सोप्या तेवढ्या धरल्या. प्रभूने डोंगरावर बसून लोकांना सांगितले की शपथ वाहूच नका, आकाशाची नाही, पृथ्वीची नाही, स्वतःच्या डोक्याची नाही, होय ते होय म्हणा आणि नाही ते नाही. हे मला पहिल्यांदा ऐकले तेव्हाच पटले. ज्याला शपथ घ्यावी लागते त्याने आपले बाकीचे बोलणे कच्चे आहे असे आपणच कबूल केले. वैऱ्यावर प्रेम करणे मला कधी साधले नाही. उद्याची काळजी करू नको हे तर मुळीच नाही, ते तू जाणतेस. हे एकच जमले.

आमच्या पाद्रीसाहेबांना विचारले. ते नवीन आहेत, नागपूरचे. म्हणाले, "छे छे, मूर्तीला हात लावायचा नाही." मी म्हटले, साहेब, मूर्तीचे नाही, मी बायबलावरही हात ठेवला नसता. त्यांना ते कळले नाही.

मी चुकून राहिलो का? एकाने एका गालावर मारले तर दुसरा पुढे करावा, हे ऐकायला बरे आहे. पण गाल माझा असता तर. येथे गाल प्रमिलेचा आहे. हे कोणत्या अध्यायात लिहिले आहे ते मला सापडत नाही. आणखी काही दिवस थांब. मी पुन्हा मोहगावला जाऊन बोलतो.

तुझा भाऊ,
भिवाजी


।। श्री मारुती प्रसन्न ।।

पांढुर्णा,
१७ मे १९८६

दादास,

वर मारुतीचे नाव लिहिले आहे. वाचून हात धुवून टाक.

तुझे पत्र प्रमिलेला वाचून दाखवले नाही. तिला काय सांगू? मामाने एकच शिकवण धरून ठेवली आहे आणि ती तुझ्या लेकरापेक्षा मोठी आहे, असे सांगू? ती दिवसभर ओसरीत बसते. शेजारची सून पोराला पाजायला घेते की ही उठून आत जाते. काल भाकरी थापता थापता थांबली आणि परातीकडे पाहत राहिली. मी म्हटले, तव्यावरची करपून राहिली ना. तर म्हणाली, "आई, तो मले विसरला असंन."

तू बाप्तिस्म्याचे पाणी घेऊन त्या लोकांत गेलास तेव्हा बाबांनी तुझे नाव घरात घेऊ दिले नाही. मी सासरहून चोरून राखी पाठवत होते. नवऱ्याचे बोलणे खाल्ले, सासूचे खाल्ले. मी कधी विचारले नाही की तुझा येशू खरा की खोटा. माझा भाऊ आहे एवढेच पाहिले. आज पहिल्यांदा तुझ्याकडे काही मागितले.

अरे, जामसांवलीचा मारुती तर आडवा निजलेला आहे. तुझा हात लागला तर त्याला कळणारही नाही. आणि तुझा येशू काही तेथे पिंपळाखाली येऊन पाहत बसणार नाही. खोटे बोल असे मी म्हणत नाही. खरेच बोल, हात ठेवून बोल. तुझ्या बोलण्याला डाग लागू नये म्हणून माझी पोर डागाळलेली राहू दे, हा कोणत्या देवाचा न्याय?

तुझ्या दवाखान्यात जखम धुताना पिवळे पाणी घालतात, तेव्हा माणूस ओरडतो पण बरा होतो, असे तू सांगायचास. तुला ओरडायचेच नाही. तुला नुसते स्वच्छ राहायचे आहे.

जायचे नसेल तर तसे एका ओळीत लिही. होय ते होय, नाही ते नाही. मग मी राखी पाठवणार नाही.

वच्छला


सौंसर,
२५ मे १९८६

चि. वच्छलास आशीर्वाद.

काल जामसांवलीला जाऊन आलो.

तुझे पत्र आले त्याच दिवशी मी मोहगावला निरोप धाडला की मी शपथ घेतो, माणसे पाठवा. भैय्याजी आले, गुलाब आला आणि गावचे दोघे. केशवराव आले नाहीत. त्यांना मी पाहायलाही नको झालो असेन. शनिवार होता, गर्दी फार. गुलाब म्हणाला, "मामाजी, पहिल्यांदा आले का दर्शनाले?"

भैय्याजींनी म्हणायचे शब्द सांगितले. मी वाकून हात ठेवला. आजूबाजूचे लोक थांबून पाहू लागले. एका बाईने विचारले की म्हाताऱ्याच्या घरात चोरी झाली का. मी म्हणायला लागलो आणि मध्येच अडखळलो. शब्द खरे होते, वच्छला, प्रत्येक शब्द खरा होता. पण जन्मात असे कधी बोललो नव्हतो, जिभेला ते वळण नाही. गुलाब म्हणाला, "मोठ्यानं म्हना, मागच्याले ऐकू नाई आलं." मी पुन्हा पहिल्यापासून म्हटले.

झाले. येताना मोटारीत बसायला जागा मिळाली नाही, दांडीला धरून उभा होतो. मनात म्हटले, आता लेकरू आईला भेटेल, मग प्रभूला काय सांगायचे ते मी सांगेन. तो हिशोब त्याचा नि माझा.

आज उपासनेला गेलो नाही. पाय सुजले आहेत म्हणून निरोप दिला. पाय थोडे सुजले आहेतच.

हेमंत घ्यायला आला की लगेच कार्ड टाक. प्रमिलेला म्हणावे, मामाकडून उशीर झाला.

तुझा भाऊ,
भिवाजी


मोहगाव,
३ जून १९८६

श्री. भिवाजी मामासाहेब यांस केशवरावाचा नमस्कार.

हे पत्र माणसाहाती पाठवत आहे, टपालात टाकावेसे वाटले नाही. हे मी आधी लिहायला पाहिजे होते. मी लिहिण्यात आळशी आहे, आणि घरच्या गोष्टीत कागद कशाला असे वाटले.

तुम्ही आमच्या ओट्यावर आलात त्या दिवशी मी बोललो नाही. तुम्हाला वाटले असेल की मी तहसिलीचा राग धरून आहे. राग होता, पुष्कळ वर्षे होता. पण त्या दिवशी तहसिलीत मी तुमच्याकडे पाहत होतो. दवाखान्याचे साहेब माझ्या ओळखीचे होते, त्यांनी तुम्हाला सांगितले होते की केशवरावांच्या बाजूने बोल. तुम्ही शपथही घेतली नाही आणि खोटेही बोलला नाहीत. धुरा तुम्ही दाखवला तेथेच होता. मला माझी जमीन कोठे संपते ते ठाऊक होते.

म्हणून तुम्ही शपथेला नाही म्हटले तेव्हा माझी खात्री पटली. तुम्ही गेल्यावर मी घरात आणि गावच्या चौघांत हेच सांगितले. या माणसाला खोटे बोलायचे असते तर जामसांवलीला जाऊन हात ठेवून मोकळा झाला असता, काय लागत होते? भाचीचा संसार मोडत असून जो आपली रीत सोडत नाही, तो भाचीसाठी खोटे कशाला बोलेल? भैय्याजीला पटले. बाकीच्यांना पटले. हेमंत तर आधीपासूनच जायला तयार होता, आईपुढे त्याचे चालत नव्हते. पुढच्याच सोमवारी सुनेला आणायचे आम्ही ठरवले होते. हिने तोंड फुगवले, पण ती चौघांच्या बाहेर गेली नसती.

तेवढ्यात तुमचा निरोप आला.

मी भैय्याजीला म्हटले, जाऊ नका, त्यांना म्हणावे गरज नाही. पण गावचे दोघे म्हणाले, आपण होऊन घेत आहेत तर घेऊ द्या, पक्के होईल. मी आलो नाही, मला ते पाहवले नसते. परत आल्यावर गुलाबने ओट्यावर बसून सांगितले की म्हातारा अडखळला, दोनदा म्हणावे लागले. आणि ही म्हणाली, "पाहा, जो माणूस शपथ घेत नाई म्हनत होता तो बहिनीसाठी घेतेच ना. मंग बहिनीसाठी खोटंबी बोलंन. आन् ज्याचा मारुतीवर इस्वासच नाई त्याले मारुतीचं भेव कायचं?" शपथ हिनेच मागितली होती. पण माझ्याजवळ तुमच्यासाठी एकच शब्द होता, तुम्ही तो स्वतः जामसांवलीला ठेवून आलात.

आता चौघे उलटले. हेमंतसाठी दुसरीकडे बोलणे सुरू झाले आहे. नातू आमच्याकडेच राहील.

मी तुम्हाला आजही खोटा म्हणत नाही. पण मी एकटा आहे, आणि म्हातारा आहे, आणि घरात मला भाकर हिच्या हातची खायची आहे.

तुम्ही बहिणीच्या आग्रहाने गेलात, हे न सांगता मला कळते. हे सगळे तिला सांगायचे की नाही ते तुम्ही पाहा. माझ्याकडून तिला कळणार नाही.

केशवराव


पांढुर्णा,
२२ जून १९८६

दादास,

काल मोहगावहून प्रमिलेची पेटी आली. लुगडी, भांडी, लग्नातली समई, सगळे नीट बांधून. लेकराचे एक झबलेही त्यात नव्हते. गाडीवाला म्हणाला, हेमंतचे जमले, मुलगी नरखेडकडची आहे.

प्रमिला रडली नाही. पेटी उघडली, भांडी मोजल्यासारखी बाहेर काढली आणि परत भरली. मग मला म्हणाली, "मामा पहिल्याच दिवशी जाते तर?" मलाही तेच वाटते, आणि मनात ठेवून कुढण्यापेक्षा लिहिते. तू पहिल्या पत्रालाच गेला असतास तर गोष्ट ताजी होती, त्यांनी मानली असती. तू पाद्र्याला विचारत बसलास, शास्त्र उघडून बसलास, तेवढ्यात त्यांची मने बदलली. शेवटी तू गेलासच. मग आधी जायला काय झाले होते?

गाडीवाल्याने आणखी एक सांगितले, की केशवरावांनी मागे तुझ्याकडे माणसाहाती चिठ्ठी पाठवली होती. त्यात काय होते? काही वाट आहे का? मी प्रमिलेला अजून सांगितले नाही. मला रात्रंदिवस तेच लागून राहिले आहे. माझ्या हातून कुठे काही चुकले असेल तर तेही लिही, मी मोहगावला जाऊन कलाबाईच्या पाया पडेन.

वच्छला


सौंसर,
२८ जून १९८६

चि. वच्छलास अनेक आशीर्वाद.

तू लिहिलेस ते खरे आहे. मी उशीर केला म्हणून सगळे गेले. पहिल्या दिवशीच गेलो असतो तर पोर आज आपल्या घरी असती. तू वेळेवर सांगितले होतेस, मीच ऐकले नाही. प्रमिलेलाही असेच सांग. तिने माझ्यावर राग धरला तर धरू दे, तिला कोणावर तरी धरता आला पाहिजे.

तुझ्या हातून काही चुकले नाही. मोहगावला जाऊ नको. कलाबाईच्या पाया पडू नको, ती बाई पाय मागे घेणार नाही आणि तुला उठवणारही नाही.

प्रमिलेला माझ्याकडे पाठवायचे मनात असेल तर पाठव. येथे दवाखान्यात बायांना मलमपट्टीचे काम शिकवतात, मी विचारून ठेवले आहे. पण एकटीला मोटारीत बसवू नको, तू बरोबर ये किंवा मला कळव, मी पांढुर्ण्याला येतो. पावसाने रस्ता कोठे वाहून गेला असेल तर थांबा. जेवून निघा.

मी हल्ली उपासनेतल्या प्रभुभोजनाला बसत नाही. पाद्रीसाहेब विचारायला घरी आले होते. मी पोट बरे नाही म्हणून सांगितले. त्यांनी लगेच मानले, माझ्यासाठी प्रार्थना केली आणि गेले. माझे बोलणे लोक अजून मानतात, हे पाहून फार वाईट वाटले.

चिठ्ठीचे विचारलेस. गाडीवाल्याची काहीतरी चूक झाली. केशवरावांनी मला काही लिहिले नाही, माणूस आला नाही, काही नाही. तुला खोटे वाटत असेल तर मी शपथ घेऊन सांगतो.

तुझा भाऊ,
भिवाजी